पाळीबाहेरचं पाणी

दाजीबानपेठेत प्रभंजन निपाणीकरच्या साडी-फॉलच्या दुकानाशेजारची भिंत वर्षानुवर्षं कुणाच्याच मालकीची नव्हती. तिच्यावर क्लासच्या जाहिराती असायच्या, मूळव्याधीवरच्या औषधाचे कागद असायचे, आणि 'इथे थुंकू नये' असं लिहिलेल्या जागी लोक आवर्जून थुंकलेले असायचे. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला वेदश्री जांभळ्या साडीला फॉल घ्यायला गेली, तेव्हा त्या भिंतीवर हातभर उंचीच्या लाल कानडी अक्षरांत लिहिलेलं होतं : ईग नम्म पाळी. आता आमची पाळी. रंग अजून ओला होता. वाक्य तिचं होतं. नऊ दिवसांपूर्वी देशपांडे नगरातल्या घराच्या माडीवर बसून तिनंच ते टाइप केलं होतं, दोनदा खोडून तिसऱ्यांदा. तिचे कान गरम झाले. शाळेत निबंध वाचून दाखवताना बाई तिचं नाव घ्यायच्या तेव्हा व्हायचे तसेच. या वेळी भीती वाटायला हवी होती हे तिला कळत होतं, पण आधी आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिनं पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

प्रभंजन हा मऊ बोलणारा, चाळिशीतला माणूस. गिऱ्हाइकानं दहा रंग उलगडायला लावून काही न घेता उठलं तरी 'असू दे अक्का, परत या' म्हणणारा. त्याची आई माडीवर अंथरुणाला खिळलेली, आणि नळाला पाणी येऊन अकरा दिवस झालेले. "काल पाण्याच्या हापिसात गेलो होतो आम्ही," फॉलची घडी उलगडत तो म्हणाला, जणू सत्यनारायणाला जाऊन आल्यासारखा. "काचा फुटल्या. कुणी फोडल्या विचारू नका, मग मलाच सांगायला लागंल." तो हसला. "पाणी सोडणाऱ्या वॉलमन लोकांच्या वह्या होत्या गठ्ठ्यानं, त्या रस्त्यावर आणून पेटवल्या. दोन टँकर आडवे केले. एका वॉलमनचा हात मोडला म्हणत्यात. आमच्या लाइनचा गणपत तेवढा सुटलाय, अळणावरला बायकोच्या माहेरी जाऊन बसलाय. येईल की. यादीत आलेल्या दोनशे बारा चोरांना पाणी सोडलंय त्यांनी, आमच्या आईला पुसायला ओलं फडकं न्हाई." वेदश्रीनं भिंतीकडे बोट दाखवून, आवाज शक्य तितका सपाट ठेवून विचारलं, "हे वाक्य कुणाचं?" प्रभंजननं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "कुणाचं म्हंजे? आमचंच." तिला ते लागलं. मोडलेल्या हाताचं ऐकून लागलं नव्हतं तितकं हे लागलं, आणि रिक्षात बसल्यावर आपल्याला कशाचं वाईट वाटतंय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं बाहेर बघायला सुरुवात केली.

तेहतिसाव्या वर्षी बेंगळूरची खोली सोडून ती हुबळीला परत आली ती आई गेल्यावर, अप्पांना एकटं कसं ठेवायचं म्हणून. निदान लोकांना तसं सांगितलं होतं. दिवसभर माडीवर बसून दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब करणारी सॉफ्टवेअरं दुरुस्त करायची, आणि खाली अप्पा 'जेवतेस का' एवढंच विचारायचे. जगात कुणाला तिचं काही विचारायचं नव्हतं. मग इंटरनेटवर तो ग्रुप मिळाला. पाच माणसं, एकानंही दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्यातला जो सर्वांत कमी बोलायचा त्यानं स्वतःचं नाव झीरो ठेवलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कॉम्प्युटरचं दार या लोकांनी उघडलं म्हणणं म्हणजे बढाईच, ते उघडंच होतं, तिनं फक्त ढकललं. आत तीन वर्षांची नोंद सापडली : कुठल्या वॉलमननं कुठला वॉल किती वेळ उघडला, आणि शेवटच्या रकान्यात, कुणाकुणाच्या घरासाठी 'पाळीबाहेर' उघडला. शहराला आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि इथे ही घरं पाळीबाहेर! तिच्या अंगात वीज गेली. तिच्या स्वतःच्या घराखाली दहा हजार लिटरची टाकी होती, परसात बोअर होती. पाण्यासाठी ती जन्मात रांगेत उभी राहिली नव्हती. तहानलेल्यांच्या वतीनं रागावायला तिच्याइतका मोकळा वेळ कुणापाशी असणार? वॉलमन लोकांची नावं-नंबर झाकावेत का, असं ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं. 'पारदर्शक म्हणजे पारदर्शक,' असं तिनं लिहिलं, आणि चार अंगठे वर आले.

यादी चाळताना सत्त्याऐंशीव्या ओळीत तिला तिचं घर दिसलं. दत्तात्रेय अथणीकर, देशपांडे नगर, आठवडा अकरावा, दोन वर्षांपूर्वीचा, अर्धा तास. वॉलमन गणपत. ट्रेझरीत पस्तीस वर्षं काढून एक पेन घरी न आणणारे अप्पा, आणि शेवटी वॉलमनला गाठून पाणी घेतात? तिला राग आला, मग लाज वाटली, मग जी ओळ तिला लाजवत होती ती तिनं पुसली. एक कळ दाबायची, वरच्या-खालच्या ओळी एकमेकींना चिकटल्या. दोनशे तेराची दोनशे बारा झाली. अप्पा खाली दोडक्याच्या शिरा काढत बसले होते, सोळा पायऱ्या उतरून विचारता आलं असतं, की अप्पा, हे काय? तिनं विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की दोनशे बारा लोकांवर मनसोक्त रागावता येत नाही, हे तिच्या आतल्या कुणालातरी बरोबर ठाऊक होतं. त्याच रात्री 'ईग नम्म पाळी' या तिच्या वाक्याखाली ग्रुपनं यादी सगळ्या शहरासाठी इंटरनेटवर टाकली. मूळ फाइल तेवढी फोनमध्ये राहिली. असलं काही फोनमध्ये ठेवू नये, हे इतरांना तिनंच शिकवलं होतं.

घरी पोचली तर पुढच्या पायरीवर सुलभा बसलेली. गणपतची बायको. चपला काढून ठेवलेल्या, पदर घट्ट ओढलेला. अप्पा उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसले होते आणि तिला चहा घे म्हणत होते, ती कप हातात धरून पीत नव्हती. "तुमीच सांगा की अण्णा लोकास्नी," ती म्हणत होती, "पाळीबाहेर म्हंजे काय चोरी असत्या व्हय? कुणाच्यात मयत झालं, कुणाच्यात अक्षता पडायच्या असल्या, की गल्लीतलं कोण तरी येतंय, वॉलच्या झाकणावर नारळ-विडा ठेवतंय, की ह्ये अर्धा तास सोडत्यात. मामंजींनी तसंच केलं, ह्यांनीबी तसंच केलं. च्याबिगर कुणाचं काय घेतलं न्हाई. आणि वहीत लिवत्यात की, कशासाठी सोडलं त्ये. मयत, लगीन, बारावं. समदं लिवल्यालं."

"वहीत कारणाचा रकाना होता," अप्पा वेदश्रीला म्हणाले, ट्रेझरीतल्या आवाजात. "मी बघितलाय ना, सही केली त्याच्या शेजारी. कॉम्प्युटरवर चढवताना ऑफिसनं तो रकाना घेतलाच नसणार. त्यांचं काय, घर कुठलं नि वेळ किती, एवढ्यावर काम भागतं." सुलभानं मान हलवली. वह्या काल जळाल्या होत्या. यादीतली घरं दार उघडत नव्हती. पाणी मयतासाठी घेतलं म्हणून सांगायला बाहेर यायचं म्हणजे पाणी घेतलं हे आधी कबूल करायचं, आणि काचा सगळ्यांनाच प्रिय असतात. "तुमचं घर यादीत कसं न्हाई ह्येच कळंना बघा," सुलभा म्हणाली. "वैनी गेल्या तवा तुमची मोटार जळाली हुती न्हवं, टाकी रिकामी. ह्यांनीच सोडलं हुतं. अक्का, तुमी कॉम्प्युटरमदल्या. ती मूळची यादी काडाय येत्या का बघा की. त्यात तुमचं घर असणारच. वैनी कवा गेल्या समद्या पेठेला ठावं हाय. तेवढी एक वळ दाखवली की लोकास्नी उमजंल. न्हाईतर मारत्यात हो त्यास्नी."

वेदश्री दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अकरावा आठवडा. मार्चचा मध्य. एवढं साधं होतं. आई गेल्याची तारीख तिला झोपेतसुद्धा सांगता आली असती, पण त्या तारखेचा आठवडा कितवा हे मोजायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता ते डोक्यात आलं तेव्हा बाकीच्या दोनशे बारा ओळीसुद्धा एकेक करून उभ्या राहायला लागल्या : कुणाची सासू, कुणाच्या हळदी, कुणाचं बाराव्या दिवसाचं जेवण. "ते तसं काढता येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बँकेच्या खिडकीतून आल्यासारखा आला. सुलभानं लगेच मान डोलावली, नाही येत तर नाही येत, शिकलेल्या माणसाला कळत असणार. त्या डोलावण्याचा वेदश्रीला संताप आला. जरा तरी भांडायचं होतं हिनं.

माडीवर जाऊन तिनं ग्रुपवर लिहिलं : यादी काढून टाका, ही लग्नं आणि मयतं आहेत, चोरी नाही. झीरोचं उत्तर, तिनं लावलेला पंखा वेग घेईपर्यंत, आलं. 'माहीत आहे. परवाच एकानं सांगितलं.' मग दुसरं : 'त्यानं काय फरक पडतो? लोक उठलेत. ऑफिस गेलं, टँकर गेले, आता वॉल. सगळं एकदा पडू दे, मग कोण चोर कोण साव बघू.' तिनं लिहिलं, माणसं मरतील. त्यानं लिहिलं, 'तू कुठल्या गावची आहेस?' आणि ती काय उत्तर द्यावं याचा विचार करत असताना ग्रुप तिच्या पडद्यावरून नाहीसा झाला. काढून टाकलं होतं तिला. चाळीस हजार लोक जिचं वाचत होते तिला आता स्वतःचं वाक्य वाचायला दाजीबानपेठेच्या भिंतीपर्यंत जावं लागणार होतं. गणपत तिला आठवला तो पाठमोराच, खांद्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी ती लोखंडी चावी टाकून गल्लीतून जाणारा. त्याचा चेहरा कसा आहे हे तिला काही केल्या आठवेना.

खाली गडबड झाली. सुलभाला कुणाचातरी फोन आला होता. गणपत सकाळच्या गाडीनं अळणावरहून आला होता आणि स्टेशनवरून घरी न जाता थेट दाजीबानपेठेच्या तोंडाशी वॉलवर गेला होता. आज त्या लाइनीची पाळी होती. त्या वॉलचे आटे झिजलेले, साडेअकरा फेऱ्यांनंतर थांबायचं असतं, नाहीतर वरच्या माड्यांना पाणी चढत नाही, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. झाकण उघडून चावी लावायच्या आत लोकांनी त्याला धरलं होतं. "मुकाट बसायचं सोडून पाळी म्हणून आले हो," सुलभा म्हणाली आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. अप्पांनी चपला पायांत घातल्या. "मी सांगतो," ते म्हणाले. "मी सही केलीय. पस्तीस वर्षं माझ्या सहीवर सरकारनं विश्वास ठेवला." त्र्याहत्तर वर्षांचे अप्पा, त्यांना रक्तदाब, त्यांना उन्हात जायचं नाही, हे सगळं वेदश्री म्हणाली. शेवटी तीही रिक्षात बसली. काय बोलायचं ते ठरवू, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि काहीच ठरवलं नाही.

रिक्षात सुलभा आणि अप्पांच्या मध्ये दबून बसल्यावर तिला ते पाणी आठवलं. ती बेंगळूरहून चार वाजता पोचली होती, आईला पोचवून सगळे परतले तेव्हा सात वाजले होते. बायका म्हणाल्या, डोक्यावरून घे. न्हाणीघरात नळ जोरात वाहत होता. आई जन्मभर पाण्यावरून बोलायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी पायऱ्यांना, आणि वेदश्रीनं नळ सोडून दात घासले की बाहेरून दारावर थाप. त्या दिवशी थाप मारायला कुणी नव्हतं. ती दोन बादल्या न्हाली, मग तिसरी भरायला लावली आणि भरल्यावर नळ बंद केला नाही. बादली वरून वाहू लागली, ती पाटावर बसून बघत राहिली. आता बोल, असं ती मनात म्हणाली होती. आता मार थाप. दुःखापेक्षा त्यात जिंकल्याचा भाग जास्त होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर वॉलवर बसून कुणीतरी घड्याळ बघत होतं, याची तिला कल्पनाही नव्हती.

गर्दी शंभर-सव्वाशे माणसांची असेल. पेठेतलेच सगळे, ओळखीचे चेहरे. तांब्या-पितळेच्या दुकानातले, शिंपी, दोन बायका घागरी घेऊन आलेल्या, पाणी सुटलं तर भरून घेऊ म्हणून. मध्ये वॉलच्या उघड्या खड्ड्याशी गणपत उकिडवा बसला होता. एक बाही फाटलेली, ओठ सुजलेला. बारीक, पिकल्या मिशांचा माणूस. असा चेहरा होता तर. चावी प्रभंजनच्या हातात होती आणि ती त्याला पेलत नव्हती, एकदा या हातात एकदा त्या हातात घेत होता. अप्पांना पाहून लोकांनी वाट दिली. अप्पा गणपतशेजारी जाऊन उभे राहिले आणि आधी कानडीत, मग मराठीत, अगदी सावकाश बोलले. पाळीबाहेरचं पाणी म्हणजे काय ते सांगितलं. नारळ-विड्याचं सांगितलं. जरा वयस्क होते त्यांनी माना खाली घातल्या, कारण त्यांच्याही घरी तसंच पाणी आलं होतं. "माझी मंडळी गेली तेव्हा या माणसानं अर्धा तास पाणी सोडलं," अप्पा म्हणाले. "माझ्यासमोर वहीत लिहिलं. चोर म्हणायचं तर आधी मला म्हणा. त्या यादीत माझं घर असायलाच हवं." गर्दी हलली. काहीतरी सैल झालं. गणपतनं वर पाहिलं, आणि वेदश्रीला वाटलं, झालं, सुटलो. तिनं मनात 'सुटलो' म्हटलं, 'सुटला' नाही.

प्रभंजननं चावी काखेत धरली आणि फोन काढला. तो शांतपणे वरून खाली सरकवत गेला. "अथणीकर काका, न्हाई की," तो म्हणाला. "देशपांडे नगरातली एकोणीस घरं हायत. तुमचं न्हाई." अप्पा म्हणाले, नीट बघ. त्यानं नीट बघितलं, शेजारच्यानंही बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अज्जा, सुळ्ळ हेळब्याडरी!" खोटं बोलू नका म्हणे, अप्पांना! आयुष्यात त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. "मी सही केलीय! मग ती ओळ गेली कुठं?" प्रभंजन अजून मऊच बोलत होता. "आम्हाला काय म्हाईत काका. समद्यांची नावं आली नि तेवढं तुमचंच गळलं? यादी करणारा काय तुमच्या घरचा हाय व्हय, तुमचं तेवढं वगळायला?" लोक हसले. खरंच गमतीची गोष्ट होती.

अप्पा हसले नाहीत. ते थांबले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासून कुठल्या ओळीत कुणी हात मारलाय हे शोधणं एवढंच ज्यांनी केलं, त्यांना किती वेळ लागणार? त्यांनी हळूहळू मान वळवली. वेदश्री दहा पावलांवर होती. फोन तिच्या मुठीत होता, त्यात ती ओळ होती, अंगठा पुढे नेला असता तर चार सेकंदांत ती सगळ्यांना दिसली असती. मग लोक विचारतील, ही तुझ्याकडे कशी. मग पोलीस विचारतील. मग आयुष्यभर कुणीतरी काहीतरी विचारत राहील. तिनं बापाच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान किंचित, अगदी किंचित, आडवी हलवली. नको.

अप्पांनी डोळे मिटून उघडले. "माझी चूक झाली असेल," ते म्हणाले.

"अण्णा?" सुलभा म्हणाली.

"वय झालं. आठवत नाही नीट. त्या दिवशी... टँकर मागवला होता बहुतेक. नसेल यानं सोडलं." ते गणपतकडे न बघता बोलत होते. "नाही सोडलं."

सुलभा किंचाळली, "सही केलासा की ओ! अण्णा, सही केलासा की!" ती त्यांच्या पायांशी आली तसे अप्पा मागे सरकले. गणपतनं तिला हातानं थोपवलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच वेदश्रीला बघवेना. "असू दे गं," तो बायकोला म्हणाला. मग गर्दीकडे वळून, सुजलेल्या ओठानं नीट शब्द काढायची धडपड करत, "म्हाताऱ्या माणसास्नी तरास देऊ नका. वैनी गेल्यापास्नं त्यांचं असंच व्हतंय. त्यास्नी सावलीत न्या, घरला जाऊ द्या." लोकांना ते पटलं. दोघांनी अप्पांना हात दिला, घागरवाल्या बाईनं वाट करून दिली, कुणीतरी "सावकाश काका" म्हणालं. वेदश्रीनं पुढे होऊन बापाचा हात धरला. गर्दी त्यांच्यामागे परत जुळली. मागे लोखंड दगडावर आपटल्यासारखा एक आवाज झाला, आणि पुढचे आवाज दगडावरचे नव्हते.

ती भरभर चालत होती. तिला हायसं वाटत होतं. पोटातून, पायांतून वाटत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. अप्पांनी तिचा पंजा स्वतःच्या पंजात असा आवळला होता की अंगठी बोटात रुतत होती. लहानपणी रस्ता ओलांडतानाही त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला नव्हता. मागून सुलभाचा आवाज एकदा आला, तुटला, परत आला. अप्पा वळले नाहीत.

"अप्पा," ती म्हणाली, "हात सोडा ना. दुखतंय."

अप्पांनी हात सोडला नाही.